वारा वळवणारी काच

बेळगावच्या वाऱ्याला दोन तोंडं आहेत. आषाढ-श्रावणात तो घाटाकडून ओला येतो आणि छत्रीच्या काड्या उलट्या करून जातो. मार्गशीर्ष-पौषात तो पूर्वेकडून कोरडा येतो, ओठ फोडतो, टाचा फोडतो. घरात बसून चहा पिणाऱ्याला दोन्ही वारे सारखेच गोड वाटतात. दुचाकीवरून रोज खानापूर गाठणाऱ्याला मात्र या वाऱ्याची चांगलीच ओळख असते. सकाळी आठला टिळकवाडीतून निघायचं, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे मागे टाकत गणेबैलवरून खानापूर. पंचवीस-सव्वीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. डिसेंबरात सकाळी पारा पंधराच्या आसपास असतो आणि गाडीच्या वेगाने तो आणखी खाली उतरल्यासारखा वाटतो.

आमच्या स्टाफरूममध्ये बहुतेकांकडे आता मोटारी आहेत. माझ्याकडे येझदी आहे. खरं म्हणजे माझ्याकडे नव्हे, अप्पांची आहे. १९८५ साली पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी ती घेतली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि टाकीवर बसून हँडलला धरत असे. अप्पा पोस्टात होते, नोकरी खानापूरला. म्हणजे ज्या रस्त्याने मी आज शिकवायला जातो, त्याच रस्त्याने ते बावीस वर्षं गेले. थंडीत ते स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवत. कागद वारा अडवतो, हे शास्त्र आमच्या घरी पुस्तकातून नव्हे, अप्पांच्या छातीवरून आलं. संध्याकाळी ते घडी बाहेर काढायचे तेव्हा अग्रलेख घामाने पुसट झालेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा धरला. आधी वाटलं, फळ्यावर लिहून लिहून झालं असेल. हात वर नेला की कळ मानेपर्यंत जायची. डॉक्टरांनी तपासलं, व्यायाम दिले आणि विचारलं, "रोज किती गाडी चालवता?" आकडा ऐकून ते म्हणाले, "ताठ बसून, छातीवर वारा घेत, हँडलला घट्ट धरून रोज पन्नास किलोमीटर. खांदा काय करील? बस धरा, नाहीतर मोटार घ्या."

घरात त्यावर बैठक झाली. मुलीच्या कॉलेजची फी समोर होती, म्हणजे मोटारीचा विषय दहा मिनिटांत संपला. बसची वेळ आणि माझ्या पहिल्या तासाची वेळ जुळत नव्हती. राहिला तिसरा मार्ग. येझदी विकायची आणि थोडी भर घालून एखादी हलकी नवी गाडी घ्यायची. जुन्या येझदीला आता हौशी लोक चांगली किंमत देतात. पुण्याकडचा एक गृहस्थ वर्षभर फोन करत होताच. सौ. म्हणाली, "अहो, एक गाडी सांभाळा नाहीतर एक खांदा. दोन्ही होणार नाही." तिचं माहेर गोकाकचं. रागावली की ती कन्नडमध्ये मोजकं बोलते आणि काळजी वाटली की मराठीत पुष्कळ. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

अप्पा काही बोलले नाहीत. उठून ते अंगणात गेले आणि गाडीवरचं कापड सारखं करून आले.

आता तुम्ही म्हणाल, एका जुन्या गाडीचं एवढं काय? गाडी विकली म्हणून कुणाचा बाप दुरावत नाही, हे मलाही कळतं. पण अप्पांच्या हाताला आता कंप आहे, गाडी चालवणं २०१९ सालीच थांबलं. तरी रोज सकाळी मी निघालो की ते फाटकापाशी उभे राहतात. मी किक मारतो आणि तीच दांडी खाली वळवून गिअर टाकतो. ज्यांनी येझदी चालवली आहे त्यांना ठाऊक आहे, किकची आणि गिअरची दांडी एकच. दोन सायलेन्सरचा तो आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकून मगच अप्पा आत जातात. गाडी गेली असती तर त्यांचा हा एक उद्योग गेला असता.

म्हणून मी चौथा मार्ग शोधला. वारा छातीवर घ्यायचाच नाही. पुढे काच लावायची.

पोलिसांच्या किंवा लांब पल्ल्याच्या बुलेटवर आपण अशी मोठी पारदर्शक काच पाहतो. नावाला काच, असतं प्लॅस्टिकच. लावण्याआधी मी थोडा अभ्यास केला. मास्तरकीची सवय, दुसरं काय! वाऱ्याचा हिशेब सोपा आणि निर्दय आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. तीसच्या वेगाने जाताना छातीवर जेवढा रेटा, त्याच्या चौपट रेटा साठच्या वेगाला. त्यात समोरून वीसचा वारा असेल तर अंगाला तो ऐंशीचा लागतो. येझदीवर बसण्याची ढब ताठ, म्हणजे आपली छाती हेच शीड. त्या शिडाचा दोर असतो आपला खांदा.

प्लॅस्टिक दोन जातींचं मिळतं. अ‍ॅक्रिलिक अधिक नितळ दिसतं, ओरखडेही त्यावर लवकर पडत नाहीत. पण दगड लागला तर ते तडकतं आणि तुकडे धारदार होतात. पॉलिकार्बोनेट चिवट. मार खातं, पण फुटत नाही. मात्र त्यावर ओरखडे पटकन उठतात. आपल्या रस्त्यावर खडीचे ट्रक धावतात, त्यामुळे मी पॉलिकार्बोनेट घेतलं. रंगीत काच दिसायला झोकदार असते. पण संध्याकाळी परतणाऱ्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

काच घरी आणली तेव्हा अप्पांनी प्रथमच तोंड उघडलं. "काय करूलालास रे? बावीस वर्षं गेलो, आम्हाला कधी काच लागली नाही."

या वाक्यापुढे कुठलाही मुलगा गप्प बसतो. मीही बसलो. पण दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाताना उत्तर डोळ्यांसमोर दिसलं, किंवा खरं तर दिसलं नाही. अप्पांच्या वेळी हा रस्ता अरुंद होता आणि दोन्ही बाजूंना मोठमोठी झाडं होती. फांद्या वर एकमेकींना भेटत. लहानपणी टाकीवर बसून मी वर बघत जायचो तर आभाळ तुकड्या-तुकड्यांनी दिसायचं. रुंदीकरणात ती झाडं गेली. रस्ता उत्तम झाला, वेळ वाचतो, अपघाती वळणंही कमी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाऱ्याला अडवणारं कुणी उरलं नाही, आणि तिथे ट्रक आता पूर्वीच्या दुप्पट वेगाने जातात. संध्याकाळी मी अप्पांना एवढंच म्हणालो, "तुमच्या वेळी काच होती अप्पा. झाडांची होती."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भोक पाडायचं नाही कुठं."

ही त्यांची अट. गाडीच्या कुठल्याही भागाला ड्रिल लागता कामा नये, क्रोमला चरा जाता कामा नये आणि उद्या काढायची म्हटलं तर गाडी होती तशी दिसली पाहिजे. अट मान्य करून आम्ही रविवारी उद्यमबागेत गेलो. आपल्या बेळगावची ही एक चैन आहे. इथे फौंड्री आहे, लेथ आहे, हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारे कारागीर आहेत. पुण्या-मुंबईच्या माणसाला एवढासा बुश करून घ्यायला आठवडा हिंडावं लागेल, आपल्याकडे चहा संपेपर्यंत तो हातात पडतो.

आमच्या मेस्त्रींचं घर कन्नड, धंद्याची भाषा मराठी, आणि पान्यांची भाषा सगळ्यांची एकच. त्यांनी काच उभी धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "गाळी निल्लिसोदल्ल री सर, तिरुगिसोदु." वारा थांबवायचा नाही, वळवायचा. मी एम.ए.ला दोन वर्षं काव्यशास्त्र शिकलो, पण इतकं नेमकं वाक्य क्वचितच ऐकलं. काच सरळ उभी केली तर ती भिंत होते. वारा तिच्यावर आपटतो आणि सगळा रेटा हँडलवर येतो. ती मागे थोडी कलती ठेवली तर वारा वर चढतो आणि डोक्यावरून निघून जातो. आपल्यासारख्या दुभाषी घरांत गाळी, गाजु आणि गाडी हे तिन्ही शब्द पोरं एका दमात बोलतात. त्या दिवशी त्या तिघांचा प्रत्यक्ष संबंध पाहिला. वारा, काच आणि वाहन.

हँडलची नळी मोजली, २२ मिलीमीटर भरली. बाजारातले बहुतेक क्लॅम्प याच मापाचे असतात, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. अडचण आली हेडलाइटशी. किट दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा अंदाज घेऊन केलेला, काच हेडलाइटला घासत होती. मेस्त्रींनी शेजारच्या लेथवरून अ‍ॅल्युमिनियमचे दोन बुश करून आणले, काच बोटभर पुढे सरकली. क्लॅम्पखाली काय घालायचं यावर विचार चालू होता, तेवढ्यात अप्पांनी खिशातून सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या काढल्या. घरूनच कापून आणल्या होत्या, कडा अगदी सरळ. नको नको म्हणणारा माणूस रात्री कात्री घेऊन बसला होता, हे मला तिथे कळलं.

उंचीचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तिथेच पुष्कळ लोक फसतात. काचेतून बघायचं नसतं, काचेवरून बघायचं असतं. पावसाचे थेंब, ओरखडे, समोरच्या गाडीचे दिवे या सगळ्यांनी काच कधीही आंधळी होऊ शकते. म्हणून वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या खाली, साधारण नाकाच्या शेंड्याला यावी. मी हेल्मेट घालून नेहमीसारखा बसलो. अप्पांनी माझ्याच खिशातला खडू घेतला आणि समोर उभं राहून काचेवर रेघ मारली. हात थरथरत होता, त्यामुळे रेघ थोडी नागमोडी आली, पण उंची अचूक होती. मेस्त्रींनी बारीक दात्यांच्या पात्याने वरचा दोन इंचाचा तुकडा कापला आणि कड पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. गाडीला भोक पाडायचं नाही म्हणणाऱ्या अप्पांना नवी कोरी काच कापताना जराही वाईट वाटलं नाही!

काचेच्या भोकांबद्दलही एक गोष्ट शिकलो. भोक बोल्टपेक्षा किंचित मोठं ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना रबरी वायसर घालायचे. उन्हात प्लॅस्टिक लोखंडापेक्षा जास्त फुगतं. त्याला हलायला जागा नसेल तर भोकापासून तडा सुरू होतो. नट नायलॉकचे घ्यायचे, म्हणजे हादऱ्याने ढिले होत नाहीत, आणि ताकद लावून आवळायचे नाहीत. घट्ट धरलं की टिकतं, हा समज संसारात जेवढा चुकीचा, तेवढाच इथेही.

सगळं बसलं. मेस्त्रींनी गाडी चालू केली, आवाज स्थिर झाला. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं, मग डावीकडे. "झालं सर," ते म्हणाले. मी पाकीट काढलं.

"थांबा," अप्पा म्हणाले. "परत डावीकडं वळवा."

परत वळवलं. मला काही कळलं नाही, मेस्त्रींनाही नाही. अप्पांना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं, घरात त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. पण ते म्हणाले, "आवाज वाढलाय. जरासा. डावीकडं नेलं की वाढतो."

तिसऱ्यांदा वळवलं तेव्हा आम्हालाही ऐकू आलं. क्लॅम्पच्या कोपऱ्यात अ‍ॅक्सिलेटरची केबल अडकत होती. हँडल डावीकडे पूर्ण गेलं की ती ताणली जायची आणि मूठ न पिळताही इंजिन वेग घ्यायचं. गाडी उभी असताना ही गोष्ट किरकोळ. पण गल्लीच्या तोंडाशी, हळू वळताना, समोर शाळेतली पोरं असताना गाडीने आपण होऊन पुढे उसळी घेतली असती तर? मेस्त्रींनी कानाला हात लावला. क्लॅम्प सोडून केबल दुसऱ्या बाजूने मोकळी घेतली, क्लचची आणि ब्रेकचीही तपासली. ते अप्पांना म्हणाले, "अज्जार, तुम्ही गाडी नाही ऐकत, तिची नाडी बघता."

अज्जार म्हटल्यावर अप्पांना एरवी राग येतो. त्या दिवशी आला नाही.

काच लावून आता दोन हिवाळे झाले. छातीवरचा रेटा गेला आहे आणि हँडल चिमटीत धरून चालवता येतं. खांदा बराच सुधारला. काचेनेच सुधारला असं म्हटलं तर डॉक्टरांवर अन्याय होईल, व्यायाम रोज चालू आहेतच. काही गोष्टी मात्र काच लावणाऱ्याने समजून घ्याव्यात. मोकळ्या माळावर बाजूचा वारा आला की काच तो हँडलला सांगते आणि हँडल आपल्याला. ट्रक ओलांडताना हवेचा धक्का आधी काचेला बसतो. अशा वेळी मूठ आवळायची नाही, अंतर राखायचं आणि वेग पन्नास-पंचावन्नच्या पुढे न्यायचा नाही. नाहीतरी चाळिशीतल्या गाडीला आणि चाळिशीतल्या माणसाला यापुढे नेण्यात शहाणपण नाही. मार्च लागला की चार बोल्ट सोडून काच काढून ठेवतो, उन्हाळ्यात छातीला वारा हवाच असतो. बसवल्यावर आरसे, दिवे, इंडिकेटर, नंबर यांपैकी काही झाकलं जात नाही ना, हे चारी बाजूंनी बघावं.

पुसण्याचं पथ्यही आहे. अप्पांच्या मते पेट्रोलच्या फडक्याने जगातली कोणतीही वस्तू स्वच्छ होते. काचेला पेट्रोल लागलं तर मात्र तिच्यात बारीक भेगांचं जाळं उठतं. घरच्या खिडक्यांची काच पुसायचा फवाराही चालत नाही. भरपूर पाणी ओतून आधी धूळ जाऊ द्यायची, मग सौम्य साबण आणि जुन्या सुती धोतराचं फडकं. हे काम अप्पांनी आपणहून घेतलं आहे. पेट्रोलचा डबा आता त्यांनीच माळ्यावर टाकला.

मध्यंतरी पुण्याचे ते गृहस्थ प्रत्यक्ष आले. गाडीभोवती फिरले, खूश झाले आणि म्हणाले, "ही काच तेवढी काढली की गाडी ओरिजिनल."

अप्पा म्हणाले, "ओरिजिनल म्हणजे कसली?"

ते उत्तर देऊ शकले नाहीत. मीही त्या प्रश्नावर पुढे बरेच दिवस विचार करत होतो. जावा हे नावच मुळात जोडलेलं. १९२९ साली प्रागच्या यानेचेक यांनी वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल घेतली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा केलं. १९६१ पासून ती गाडी म्हैसूरच्या यादवगिरीतल्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली, तो कारखाना काढला एका पारशी उद्योजकाने. १९७३ साली तिची येझदी झाली. १९९६ साली कारखाना बंद पडला आणि २०२२ साली येझदी हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आलं. प्रागची आखणी, म्हैसूरचे हात, बेळगावचं कर्ज, खानापूरचा रस्ता आणि आता उद्यमबागेतले दोन बुश. यातलं ओरिजिनल कोणतं आणि जोडलेलं कोणतं? आपल्या घरांतली भाषा तरी वेगळी कुठे आहे? माझी मुलगी आजोबांशी मराठीत भांडते, आजीशी फोनवर कन्नडमध्ये लाडात येते, आणि तिला कुठेही सांधा जाणवत नाही. चांगलं जोडकाम ते हेच. मूळ वस्तूला भोक पडलेलं नसतं, मध्ये मऊ रबर असतं आणि हलायला थोडी जागा असते.

गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०२५ साली आमची मुदत आली, तेव्हा अप्पा म्हणाले, "या वेळी तुझं नाव घाल." इतकी वर्षं हा विषय कुणी काढला नव्हता. मी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आणून त्यांच्यापुढे ठेवले. पोस्टातला माणूस, प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय सही करणार नाही. वाहन विकून ताब्यात दिल्याचा मजकूर आला तिथे ते थांबले.

"विकली कुठं?" ते म्हणाले. "ताब्यात दिली, एवढंच खरं."

आणि खाली थरथरत्या, नागमोडी अक्षरांत सही केली.